म्हातारपणातले 'करणे' : व्यवसायोपचाराविषयी वाचकांचे प्रश्न

वृद्धांसाठीच्या व्यवसायोपचारावर याच सदरात मागे दोन टिपणे आली, त्यानंतर खान्देशातून अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रे लांब होती, म्हणून त्यांचा आशय थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे आणि नीटची तयारी करते आहे. एमबीबीएस मिळाले नाही तर 'ओटी' कर, असे तिच्या शिक्षकांनी सुचवले. आम्हांला ते ऑपरेशन थिएटरमधले काम वाटले. घरातल्या आजीला तर ओटी म्हणजे खणानारळाचीच आठवली. हे शिक्षण नेमके काय आहे आणि म्हाताऱ्या माणसांसाठी काम करायला त्यात कितपत शिकवतात? — एक पालक, चोपडा

उत्तर : हा गोंधळ रुग्णालयांतसुद्धा रोज होतो, तेव्हा आपण संकोचू नये. येथे 'ओटी' म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, मराठीत व्यवसायोपचार. यातल्या 'व्यवसाय' या शब्दाचा दुकानदारीशी किंवा नोकरीशी संबंध नाही. माणूस सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत जे जे करतो, म्हणजे तोंड धुणे, धोतर नेसणे, देवपूजा, स्वयंपाक, पारावर जाऊन बसणे, नातवाला शाळेत सोडणे, ते सगळे या अर्थाने व्यवसायच होय. आजाराने, अपघाताने किंवा वयाने त्यांतले काही सुटले, तर ते परत कसे करता येईल, आणि पूर्वीच्या रीतीने जमत नसेल तर कोणत्या वेगळ्या रीतीने जमेल, हे शोधण्याची ही विद्या आहे.

या विद्येचे आपल्याकडचे मूळ महाराष्ट्रातच आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. ते आशियातील पहिले मानले जाते. १९५२ मध्ये व्यवसायोपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्यांत भारताचा समावेश झाला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे शिक्षण १९५८ पासून आहे. आज मुंबईत केईएमबरोबरच शीव आणि नायर येथील महापालिकेच्या रुग्णालयांशी जोडलेली विद्यालये आहेत. चोपड्याहून मुंबई काय आणि नागपूर काय, दोन्ही लांबच. त्यामुळे फीबरोबर वसतिगृहाची चौकशी आधीच करून ठेवावी.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा हा पदवी अभ्यासक्रम अनेक वर्षे साडेचार वर्षांचा राहिला आहे : चार वर्षे अध्ययन आणि सहा महिने आंतरवासिता (इंटर्नशिप). प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन झाला असून त्याच्या कक्षेत व्यवसायोपचारही येतो, म्हणून कालावधी आणि नियम यांसाठी प्रवेशाच्या वर्षाची माहितीपुस्तिकाच प्रमाण धरावी. पदवीनंतर राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार (फिजिओथेरपी) परिषदेत नोंदणी करावी लागते.

आपल्या शेवटच्या प्रश्नावर मात्र थोडे थांबायला हवे. शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, हालचालींचे शास्त्र, पुढे मेंदूचे, हाडांचे, मनाचे विकार आणि समाजातील पुनर्वसन, असा हा क्रम आहे. वार्धक्य त्यात जागोजागी भेटते. पक्षाघात, कंपवात, खुब्याचे हाड मोडणे आणि स्मृतिभ्रंश हे बव्हंशी वयस्कांचेच आजार आहेत. जागतिक महासंघाने प्रत्यक्ष कामाचे किमान १००० तास आवश्यक धरले आहेत. अडचण तासांची नसून जागेची आहे. विद्यार्थ्याला म्हातारा माणूस भेटतो तो रुग्णालयाच्या खाटेवर, त्याच्या स्वतःच्या ओसरीवर क्वचितच भेटतो.

याची शिक्षा मी स्वतः भोगली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका रुग्णालयात पक्षाघात झालेल्या एका शेतकरी आजोबांकडून मी तीन आठवडे गुंड्या लावण्याचा सराव करून घेतला. लाकडी फळीवर कापडाच्या दोन पट्ट्या, एकीला काजे आणि दुसरीला गुंड्या. आजोबा रोज निमूटपणे सराव करत आणि मी वहीत सेकंद लिहीत असे. घरी जाण्याच्या दिवशी त्यांच्या मुलाने पिशवीतून कपडे काढले, तर धोतर आणि नाड्यांची बंडी निघाली. आजोबांनी जन्मात गुंडीचा सदरा घातलेला नव्हता. मी विचारले नव्हते आणि डॉक्टरांच्या माणसाला उलट कशाला बोलावे, म्हणून ते बोलले नव्हते. आपली मुलगी या शिक्षणाला गेली, तर पहिल्या वर्षापासून सुट्टीत आपल्याच गावातल्या दोनचार म्हाताऱ्या माणसांचा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसता पाहून वहीत उतरवत जा, एवढे तिला सांगावे.

प्रश्न : आई ६८ वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन उजवी बाजू कमजोर झाली. आता ती काठी घेऊन चालते. घरी येणाऱ्या व्यवसायोपचारतज्ज्ञ ताई तिला पीठ मळायला आणि भाकरी थापायला लावतात. आम्ही तिघे भाऊ, तीन सुना; तिला पाण्याचा पेलाही उचलू देत नाही. नातेवाईक म्हणतात, आजारी बाईला कामाला लावले. त्यापेक्षा यंत्रावरचा व्यायाम बरा नाही का? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपल्या घरातील प्रेमाविषयी मला शंका नाही, पण पाण्याचा पेला आईंना उचलू द्यावा. झटक्यानंतर दुबळा हात वापरला नाही, की मेंदू त्याला हळूहळू हिशेबातून वगळू लागतो. जी हालचाल पुढे शक्य झाली असती, तीही मग होत नाही. चार महिन्यांचा काळ अजून सुधारणेचा आहे.

भाकरी हा फार विचारपूर्वक निवडलेला व्यायाम आहे. ज्वारीच्या किंवा कळण्याच्या पिठाला चिकटपणा कमी, म्हणून ते तळहाताच्या टाचेने जोर देऊन मळावे लागते. त्यात खांदा, कोपर आणि मनगट तिन्ही एका रेषेत काम करतात. थापताना एक हात दाबतो आणि दुसरा भाकरीची कड सांभाळत तिला फिरवतो, म्हणजे दोन्ही हातांना एकमेकांचे ऐकावे लागते. पाणी किती, पीठ किती, तवा तापला का, हा अंदाज आणि क्रम मेंदूला वेगळा व्यायाम देतो. कप्पीच्या दोरीवर हात शंभरदा वरखाली करण्यात यांतले थोडेच साधते, आणि शंभराव्या खेपेला हाती काहीच आलेले नसते. येथे भाकरी येते, ती घरातले कोणी खाते आणि 'आज कड फाटली' असे आई स्वतःच म्हणतात. तो शेरा मोलाचा आहे. मोजमाप त्यांचे स्वतःचे आहे.

काही गोष्टी मात्र सांभाळाव्यात. परात सरकत असेल तर तिच्याखाली ओला, पिळलेला पंचा घालावा, म्हणजे एका हाताच्या जोरावरही ती जागची हलत नाही. खाली बसून उठणे जड जात असेल, तर पाट सोडून पाठ असलेल्या खुर्चीवर बसून कोपराच्या उंचीच्या मेजावर थापावे. उजव्या हाताला गरम-गार नीट कळते की नाही, याची खात्री ताईंनी करून घेतलेली असेलच. ती होईपर्यंत भाकरी तव्यावर टाकणे आणि उलटणे सुनेने करावे, कारण बधिर बोटांना चटका बसल्याचे फोड आल्यावरच समजते. एका वेळी दोन भाकऱ्या पुरेत. आणि नातेवाईकांना सांगावे, की ही कामाला लावलेली बाई नव्हे. तिचे काम तिला परत देत आहोत.

आईंना भाकरीची मुळात आवडच नसेल, आयुष्यभराचा कंटाळाच असेल, तर ताईंना तसे मोकळेपणाने सांगावे. मग वाती वळणे, भाजी निवडणे किंवा वेणी घालणे असे दुसरे काही निवडता येते.

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षक आहे. आमच्या लहानपणी म्हातारी माणसे शेवटपर्यंत कामात असत, त्यांना कोणी उपचार म्हणत नसे. 'रिकामे बसू नका' हे सांगायला पदवीधर कशाला हवा? यामागे खरोखर काही संशोधन आहे की ही परदेशी टूम आहे? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : आपला प्रश्न रोखठोक आहे आणि योगायोगाने नेमका हाच प्रश्न एका गाजलेल्या अभ्यासाने विचारला होता. लॉस एंजेलिसमध्ये साठीच्या वरच्या ३६१ स्वतंत्रपणे राहणाऱ्या वृद्धांवर झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष १९९७ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. फ्लॉरेन्स क्लार्क या तिच्या प्रमुख होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे योगायोगाने तीन गट पाडले गेले. एका गटाला नऊ महिने व्यवसायोपचार मिळाला, म्हणजे प्रत्येकाने आपल्या दिवसाकडे पाहून काय सुटले आहे, ते का सुटले आणि त्यात काय बदलता येईल, हे तज्ज्ञाच्या मदतीने ठरवले आणि करून पाहिले. दुसऱ्या गटाला तितकाच काळ करमणुकीचे कार्यक्रम, सहली, हस्तकला असे काहीबाही दिले. आपल्या भाषेत, त्यांना रिकामे बसू दिले नाही. तिसऱ्याला काहीच दिले नाही. पहिल्या गटाचे आरोग्य, कामे करण्याची क्षमता आणि आयुष्याविषयीचे समाधान इतरांहून चांगले राहिले. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटांत मात्र सांगण्यासारखा फरक आढळला नाही. म्हणजे नुसते गुंतवून ठेवणे आणि काहीच न करणे यांचे फळ जवळजवळ सारखेच आले.

गुरुजी, आपल्या लहानपणीची म्हातारी माणसे नुसती गुंतलेली नव्हती. खळ्यावर राखण करणारा आजोबा तेथे नसता, तर गुरे धान्यात शिरली असती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणींची गाणी आजीला येत होती आणि कानबाईच्या वेळी काय कधी मांडायचे हे तिलाच विचारले जाई. त्यांच्या करण्याला घरात जागा होती. आता खळे गेले, मुले पुण्या-सुरतेला गेली आणि उरलेल्या म्हाताऱ्याला 'जिभाऊ, तुम्ही आराम करा' असे सांगितले जाते. जुनी घडी मोडल्यावर नवी बसवायला कोणीतरी शिकलेला माणूस लागतो, एवढाच पदवीचा दावा आहे.

मात्र संशोधनाचा निकाल एकतर्फी आहे असे सांगितले, तर ती आपली फसवणूक होईल. त्याच लॉस एंजेलिसमध्ये ४६० वृद्धांवर दुसरी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. फायदा दिसला, पण तो माफक होता. ब्रिटनमध्ये त्याच धर्तीचा कार्यक्रम २८८ जणांवर करून पाहिला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य मोजमापावर फरक पडला नाही. त्यात सहभागी झालेल्यांचे मानसिक स्वास्थ्य मुळातच चांगले होते, हे त्याचे एक कारण दिसते. ज्याचे पोट भरलेले आहे, त्याला वाढलेल्या ताटाने काय फरक पडणार? स्मृतिभ्रंशाच्या बाबतीतही तसेच घडले. नेदरलँड्समध्ये १३५ रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे नातेवाईक यांना पाच आठवड्यांत घरी दहा भेटी दिल्या, तेव्हा रोजची कामे करण्यात ठळक सुधारणा झाली. हा अभ्यास २००६ चा. जर्मनीने तीच पद्धत उचलली आणि दहा भेटींची तुलना एकाच सल्लाभेटीशी केली, तेव्हा २०११ मध्ये दोन्हींचे फळ सारखे निघाले. तोच उपचार दुसऱ्या देशात, दुसऱ्या आरोग्यव्यवस्थेत रोवला की त्याची मुळे धरतीलच असे नाही. केळीचे खोड रावेरहून नेऊन कोकणात लावणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

पुरावा सर्वांत भक्कम आहे तो पडण्याच्या बाबतीत. सिडनीत ५३० वृद्धांच्या घरी व्यवसायोपचारतज्ज्ञांनी भेटी देऊन धोक्याच्या जागा दाखवल्या आणि त्या दुरुस्त करवल्या. १९९९ च्या या अभ्यासात, जे आधीच्या वर्षात एकदा तरी पडले होते, त्यांच्यात पडण्याचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. जे पडलेच नव्हते त्यांच्यात फरक पडला नाही. गंमत अशी, की पडणे घराबाहेरही कमी झाले, जेथे कोणी काहीच दुरुस्त केले नव्हते. म्हणजे तज्ज्ञाने बदलली ती केवळ सतरंजी नव्हती, माणसाची पाहण्याची सवयही बदलली. अशा २२ अभ्यासांचा एकत्रित आढावा वैद्यकीय संशोधन पडताळून पाहणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२३ मध्ये घेतला आणि घरातले धोके कमी केल्याने पडण्याचे प्रमाण सरासरी २६ टक्क्यांनी, तर जास्त धोका असलेल्यांमध्ये ३८ टक्क्यांनी घटते असा निष्कर्ष काढला. मर्यादित मनुष्यबळ असेल, तर आधी पडून गेलेल्या माणसाच्या घरी आधी जावे, हे यातून निघते.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. तज्ज्ञ आमच्या गावापर्यंत येत नाहीत. वृद्धांच्या घरी मी काय पाहू शकते? — शिरपूर तालुक्यातून

उत्तर : ताई, वर सांगितल्याप्रमाणे प्रथम 'गेल्या वर्षात कधी पडलात का?' असे विचारावे आणि हो म्हणणाऱ्यांची नावे वेगळी लिहावीत. मोरीतले शेवाळ, खोलगट झालेल्या सुतळीच्या बाजेवरून उठताना लागणारा झोक, उंबरठ्याजवळचा अंधार या गोष्टी आपल्या नजरेला येतीलच. परदेशी तक्त्यांत नसलेली एक गोष्ट मात्र आवर्जून पाहावी. एप्रिल-मेमध्ये उकाड्याने घरेच्या घरे धाब्यावर किंवा गच्चीवर झोपतात. रात्री लघवीला उठलेला म्हातारा झोपेच्या भरात, कठडा नसलेल्या जिन्याने किंवा शिडीने खाली उतरतो. रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर एकदम उभे राहिल्यावर चक्करही येते. त्यांची बाज अंगणात खाली टाकावी. वर झोपण्याचा हट्टच असेल, तर उशाशी बॅटरी आणि हाताशी लघवीचे भांडे ठेवावे, आणि उठल्यावर दोन मिनिटे बाजेवर पाय सोडून बसण्याची सवय लावावी. काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना एकदा ३००० रुपये मिळण्याची तरतूद आहे. त्याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

प्रश्न : मी मूळची साक्री तालुक्यातील असून सध्या मुंबईत व्यवसायोपचाराचे पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. प्रबंधासाठी आमच्याच भागातील साठीवरील स्त्रियांच्या दैनंदिन कामांची पाहणी करायची आहे. प्रचलित श्रेणींचे, म्हणजे कोणते काम माणूस किती स्वतःचे स्वतः करतो हे गुण देऊन मोजणाऱ्या प्रश्नावल्यांचे, मराठी भाषांतर वापरले तर चालेल का? — एक विद्यार्थिनी

उत्तर : चालेल की नाही हे श्रेणी कोणती यावर ठरते. आंघोळ, कपडे, शौच, जेवण, चालणे अशा मूलभूत कामांची कॅट्झ यांची १९६३ ची किंवा बार्थेल यांची १९६५ ची श्रेणी फारशा बदलाविना उतरते, जरी जिना चढण्याचा आणि आंघोळीचा अर्थ नळाच्या घरात आणि हंड्याच्या घरात सारखा नसला तरी. लॉटन यांच्या १९६९ च्या श्रेणीपाशी मात्र सावध व्हावे. तीत टेलिफोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, धुणे, प्रवास, औषधे आणि पैशांचे व्यवहार अशी आठ कामे आहेत आणि मूळ रचनेत पुरुषांसाठी स्वयंपाक, घरकाम आणि धुणे वगळलेले होते. ज्या बाईने आयुष्यात बँकेची पायरी चढलेली नाही, तिला पैशांच्या व्यवहारात शून्य दिले, तर ते शून्य तिच्या मेंदूचे नव्हे, तिच्या घराच्या रीतीचे असते. उलट बिबडे आणि कुरडया घालताना चिकाचा अंदाज, उन्हाचा हिशेब आणि दहा बायकांची वाटणी ती कशी सांभाळते, हे कोणताच रकाना विचारत नाही.

या वाटेने आधी गेलेले लोक आहेत. हरियाणातील बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी १९९५ मध्ये तयार झालेल्या, स्मृती आणि आकलन तपासणाऱ्या हिंदी मानसिक स्थिती परीक्षेत 'डोळे मिटा' हे वाक्य वाचायला देण्याऐवजी 'मी करते तसे करा' असे सांगून डोळे मिटून दाखवतात, आणि वाक्य लिहायला लावण्याऐवजी आपल्या घराविषयी एक वाक्य बोलायला सांगतात. त्याच भागात पुढे रोजच्या क्षमतांची जी भारतीय श्रेणी बनली, तीत निरोप लक्षात राहून पोहोचवता येतो का, सणवार आठवतात का, लग्नासारख्या घरच्या गोष्टींत मत देतात का, असे प्रश्न जवळच्या माणसाला विचारले जातात. आपण याच दोन साधनांचा आधी अभ्यास करावा.

भाषेविषयी एक सूचना. प्रमाण मराठीतले भाषांतर साक्रीत पुरणार नाही. अहिराणीत करावे, दुसऱ्या व्यक्तीकडून ते परत मराठीत आणून मूळाशी ताडावे आणि आठदहा आजींवर आधी चाचपून पाहावे. ती अहिराणी यावल-रावेरच्या लेवा बोलीला किंवा नंदुरबारच्या पावरीला लागू पडेल असे गृहीत धरू नये. प्रश्नाचे क्रियापद तर फारच जपून निवडावे. 'तुले काय करता येस?' आणि 'तू काय करस?' यांची उत्तरे वेगवेगळी येतात. 'स्वयंपाक करस का?' याला आजी 'नही' म्हणते आणि आपण रकान्यात 'अक्षम' लिहून मोकळे होतो. पण जरा थांबले तर पुढचे वाक्य येते, की सून चुलीपाशी जाऊ देत नाही. म्हणून प्रत्येक कामासमोर दोन रकाने करावेत, एक जमते का यासाठी आणि दुसरा प्रत्यक्षात करते का यासाठी. आणि जेथे जमते पण करत नाही असे निघेल, तेथे कारण आजीच्याच शब्दांत, अहिराणीत, जसेच्या तसे लिहून घ्यावे. मुलाखत सून समोर बसलेली असताना घेऊ नये. मार्गदर्शकांनी रकाने वाढवण्याला हरकत घेतली, तर दहा आजींच्या चाचपणीचे कागद त्यांच्यासमोर ठेवावेत.